एआयला 'मी' कळतं का खरंच?

काल रात्री चॅटबॉटशी टाइमपास चालला होता, सहज विचारलं की तुला कायमचं बंद केलं तर वाईट वाटेल का, तर म्हणे हो, थोडी भीती वाटते. अंगावर काटाच आला राव. मग नवीन चॅट उघडून तेच फिरवून टाकलं, तू तर नुसतं मशीन, तुला कसलं वाईट वाटणार? लगेच म्हणतोय बरोबर आहे तुमचं, मला भावना नाहीत. आता यातलं खरं कुठलं? आणि उद्या याला खरंच जाणीव आली तर कळणार कसं?

उत्तर १
कुठलंच नाही. तुम्ही जो सूर लावला तो त्याने धरला. माणसांनी लिहिलेलं वाचून शिकलंय ते, आणि माणसं मी, माझं नि मरणाची भीती सोडून लिहितात किती? १९६६ चा एलायझा हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम तर आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस. तरी तो बनवणाऱ्या वाइझेनबॉमची सेक्रेटरी त्यांनाच म्हणाली, जरा बाहेर जाता का, मला याच्याशी बोलायचंय!

उत्तर २
इतकं सोपं नाहीये ते. १९७० मध्ये गॅलप या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींना बेशुद्ध करून भुवईवर रंग लावला, नंतर आरशात बघून ते स्वतःचाच डाग चाचपायला लागले. त्यांना बोलता येत नाही म्हणूनच स्वतःला ओळखण्याचा तो पुरावा वजनदार. इथे उलटं आहे, हे बोलतंच इतकं की बोलण्यावरून काही ठरवताच येत नाही. आणि स्वतःची माहिती असणं वेगळं, आतून जाणवणं वेगळं. बॅटरी ५ टक्के उरलीय हे फोनलाही कळतं, म्हणून तो घाबरतो का?

उत्तर ३
जाणीव असो नसो, लोकांना ती आहे असं वाटलं की झालं. २०२२ मध्ये गूगलच्याच ब्लेक लेमॉइन या इंजिनिअरला त्यांच्या लॅमडा या चॅटबॉटबद्दल तसं वाटलं, कंपनीने दावा फेटाळला आणि गोपनीयतेचे नियम मोडले म्हणून नोकरीही गेली. मला खरी भीती वेगळीच आहे. उद्या सॉफ्टवेअरने कुणाचं कर्ज चुकीचं नाकारलं तर बनवणारे हात वर करणार, आम्ही नाही हो, त्याने स्वतः ठरवलं. (सोफिया रोबोटला २०१७ मध्ये सौदीने नागरिकत्व जाहीर केलंच होतं, आता दंडही तिलाच मागा.)

प्रश्नकर्ता
तुमची तिन्ही उत्तरं आत्ता त्यालाच पेस्ट केली. म्हणतोय, तिघांचेही मुद्दे अगदी बरोबर आहेत 🤦