कयाकची ट्रॉली आणि मागचा क्रेट: देवबागच्या मऊ वाळूसाठी मदत हवी आहे

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. गरीने मासे पकडण्यासाठी १२ फुटी सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक आहे. पॉलिथिलीनची, रिकामी ३४ किलो, रुंदी ३३ इंच. जागा देवबाग (मालवणजवळ). घरापासून समुद्राकडे साधारण १०० मीटर जांभ्याची खडबडीत पायवाट, मग सुरूचं बन आणि पुढे पुळण. भरतीच्या रेषेच्या वरची वाळू अगदी भुसभुशीत. कधीकधी कर्ली नदीच्या बाजूनेही उतरायचं असतं, तिथे ओहोटीला चिखल. ने-आण एकट्यानेच करायची.

स्कपरच्या (डेकवरचं पाणी खाली निघून जाण्याच्या आरपार) भोकांत दांडे घालायची ट्रॉली घ्यावी की पट्ट्यांनी बांधायची? चाकं कोणती? आणि मागच्या खळग्यात (४८ सेमी रुंद, ६५ सेमी लांब) क्रेट कोणता बसवावा? सामान असं: तीन रॉड, आमिषांचे चार डबे, पक्कड, गाफ (मासा वर ओढायचा आकडा), फिशफाइंडरची (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राची) १२ व्होल्टची बॅटरी, बर्फाची पिशवी. चोणक, तांबोसा मिळाला तर तोही आणायचा आहे!

उधाण:
आधी चाकं ठरवा. तुमच्या जागी सगळा खेळ चाकांचा आहे, फ्रेम त्यानंतर.

कयाक आणि सामान मिळून ५० किलो धरा. पुढची मूठ हातात असते, तिथे ५ किलो येतात, म्हणजे एका चाकावर साधारण २२ किलो. हवेचं चाक जमिनीवर जवळपास आपल्या हवेच्या दाबाइतकाच दाब देतं. ३० पीएसआयच्या (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) टणक चाकाला २२ किलो पेलायला जेमतेम १० चौ. सेमी जागा पुरते, आगपेटीपेक्षाही कमी. एवढ्याशा जागेवरचा दाब सुकी वाळू पेलत नाही, म्हणून चाक रुततं आणि नांगरासारखं माती उकरत येतं. तेच ३ पीएसआयचं फुगीर बलून चाक १०० चौ. सेमीवर पसरतं आणि वर तरंगत येतं.

तेव्हा १२ इंच व्यासाची, ६-७ इंच रुंद बलून चाकं घ्या. टणक फोमची किंवा सायकलसारखी अरुंद चाकं जांभ्यावर मस्त पळतील, पण सुरूचं बन ओलांडलं की कामाची नाहीत.

हवेबाबत सांभाळा. ही चाकं २ ते ४ पीएसआयची असतात. पेट्रोल पंपावरच्या किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने भरू नका, काही सेकंदांत शिवण सुटते. हातपंप आणि कमी दाब दाखवणारा गेज वापरा. सकाळी २५ अंशाला ३ पीएसआय भरलेलं चाक उन्हात ५० अंशांना गेलं की दाब दीड पीएसआयने वाढतो. म्हणून सकाळी २ ते अडीचच भरा आणि चाकं सावलीत ठेवा.

यांचा खरा शत्रू कालवं. खडकावर आणि कांदळाच्या मुळांवर कालवांच्या धारा असतात, त्यांनी चाक सरळ चिरतं. जांभ्यावर त्रास नाही, फक्त धारदार खडीवरून ओढत नेऊ नका.

सुकाणू:
ट्रॉलीच्या प्रकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्यासाठी पट्ट्यांची.

स्कपर ट्रॉली लावायला सोपी, यात वाद नाही. पण तिचे दोन दांडे कयाकचं सगळं वजन भोकांच्या कडांवर टाकतात. तळ आणि डेक जिथे जोडलेले असतात नेमकी तीच जागा, आणि साच्यात तिथे प्लास्टिक अनेकदा पातळ राहतं. भरलेली कयाक खडबडीत वाटेवर आदळत नेली की भोकाच्या आतल्या बाजूला केसासारखी चीर पडते. ती बाहेरून दिसत नाही, तळात पाणी साचायला लागलं की कळतं. शिवाय दांडे भोकं असतील तिथेच लागणार, आस (दोन चाकं जोडणारा दांडा) पुढे-मागे करता येत नाही. तुमच्या सामानाला ती सोय लागणारच आहे.

पट्ट्याच्या ट्रॉलीत हे तपासा. दोन चाकांमधलं अंतर निदान ६० सेमी असावं, नाहीतर पुळणीच्या उतारावर कलंडते. कयाक टेकते त्या पट्ट्यांवर जाड फोम असावा. आस ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची किंवा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची. बॉल बेअरिंग अजिबात नको, खाऱ्या पाण्यात ती एका मोसमात जाम होतात. नायलॉनचं बुश (आसेवर बसणारी साधी नळी) बरं. त्याला ग्रीस लावू नका, ग्रीस वाळू धरून ठेवतं आणि तीच बुश खाते. गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. चाक अडवणारी पिन वाळूत पडली तर शोधून सापडत नाही, म्हणून दोन जादा पिना क्रेटच्या कडेला बांधून ठेवा.

एकट्याने लावायची पद्धत: कयाक कुशीवर करा, ट्रॉली तळाला टेकवा, दोन्ही पट्टे आवळा आणि मग कयाक सरळ करा. ३४ किलो उचलायची गरजच पडत नाही. पट्टे पॉलिएस्टरचे, कॅम बकलचे (हाताने ओढला की पट्टा धरून ठेवणारं बकल). नायलॉन भिजला की सैल पडतो, आणि रॅचेट (दांडी हलवून पट्टा आवळणारं बकल) उन्हात मऊ झालेल्या तळाला खोलगट करून टाकतो. एक दोरी आसेपासून पुढे सीटच्या कडीपर्यंत ताणून बांधाच. चाक वाळूत अडलं की कयाक पुढे येते आणि ट्रॉली मागे सरकते, बहुतेकांची कयाक तिथेच निसटून पडते.

खाडीकाठ:
दोघांचेही आभार. रुतण्याचं कारण पहिल्यांदाच नीट समजलं. पण आस नेमकी कुठे ठेवायची? मधोमध?

सुकाणू:
मधोमध नाही, आणि इथेच क्रेटचा संबंध येतो. समजा रिकाम्या कयाकचा तोल नाळेपासून (पुढच्या टोकापासून) १८० सेमीवर आहे. ३०० सेमीवर १२ किलोचा क्रेट ठेवला तर: (३४ × १८० + १२ × ३००) ÷ ४६ = २११ सेमी. तोल एका फुटाने मागे गेला. आस जुन्याच जागी राहिली तर नाळ वर उठते आणि मागचं टोक वाळूत घासतं. क्रेट ५ किलोचाच ठेवला तर तोल १९५ वर राहतो.

तोल सापडला की आस त्याच्या २०-२५ सेमी मागे ठेवा, म्हणजे हातात साधारण ५ किलो येतील. तेवढं हवंच. हातात काहीच वजन नसेल तर खड्ड्याखड्ड्याला नाळ उसळते. घरी एकदा सगळं भरून जागा ठरवा आणि तळावर पक्क्या मार्करने खूण करा.

तांबोशी:
आता क्रेटबद्दल. दुधाचे क्रेट डेअरीच्या मालकीचे असतात, त्यांच्या मागे लागू नका. प्लास्टिकच्या दुकानात ४०० × ३०० मिमी तळाचा, २५० मिमीच्या आसपास उंचीचा जाळीदार क्रेट मिळतो, तो तुमच्या खळग्यात आरामात बसतो. ६०० × ४०० चा मोह होईल, कागदावर तो मावतोही. पण खळग्याचे कोपरे गोल असतात, तो वर टेकतो आणि डुलतो. आणि मोठा क्रेट भरला जातोच.

जाळीदारच हवा, तळालासुद्धा. बंद पेटीत लाट शिरली की २५ लिटरचे २५ किलो होतात, तेही बोटीच्या शेपटावर.

डबे ३६०० मापाचे घ्या: साधारण २८० × १८५ × ४५ मिमी. या क्रेटमध्ये ते लांबीच्या दिशेने उभे ठेवले तर शेजारी शेजारी पाच बसतात आणि टोकाला पक्कड, कात्रीपुरती जागा उरते. ३७०० मापाचे साडेतीनशे मिमीहून लांब असतात, ते अडकतात.

रॉडसाठी ४० मिमीचा पाण्याचा यूपीव्हीसी पाइप, प्रत्येकी ३० सेमीचे तीन तुकडे. वायरिंगचा पातळ पाइप उन्हाने कडक होऊन फुटतो. तोंडाला पाऊण इंच रुंद, दीड इंच खोल खाच पाडा, त्यात रीलचा दांडा बसतो आणि रॉड फिरत नाही. कडा कानशीने मऊ करा. खाली एक आडवा बोल्ट टाका, म्हणजे बूड त्यावर टेकेल आणि पाणी निघून जाईल. क्रेटला एम-६ स्टेनलेस बोल्ट, दोन्हीकडे रुंद वॉशर आणि नायलॉक नट. पांढरे झिप टाय नकोत, उन्हात ते तुटतात. पाइप मागे थोडे कलते ठेवा, नाहीतर गरी फेकताना हात लागतो. नदीच्या बाजूला कांदळाखालून जाताना मात्र रॉड आडवेच झोपवा.

बांधणीत बहुतेक जण फक्त बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) वापरतात. कयाक उलटली की बंजी ताणली जाते आणि क्रेट बाहेर लोंबतो. चार कोपऱ्यांना बंजी ठेवा, पण त्यावरून एक कॅम बकलचा पट्टा कडीतून कडीत आवळा. वर जाळी किंवा झाकण हवंच, डबे तरंगत निघून जातात. पक्कड आणि गाफला दोरी लावा, पण ती फूटभरच. लांब दोऱ्या पाण्यात पायाला गुंततात.

बॅटरी आणि बर्फ क्रेटमध्ये ठेवू नका. मागे जड झालं की नाळ हलकी होते आणि दुपारचा वारा ती ढकलत राहतो. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या, ७ अँपिअर-अवरची एक किलोच्या आसपास भरते. ती बंद डबीत सीटखाली ठेवा, टर्मिनलजवळ ३ अँपिअरचा फ्यूज लावा. बर्फाची पिशवी पायांच्या पुढे. शेंगाळा सापडला तर पिशवीत टाकण्याआधी काटे पकडीने मोडा.

खाडीकाठ:
फार उपयोगी. शेवटचे दोन प्रश्न: पाण्यात गेल्यावर ट्रॉली कुठे ठेवायची? आणि नदीकडचा चिखल?

उधाण:
ट्रॉली किनाऱ्यावर सोडायची तर भरतीच्या रेषेच्या बरीच वर, सुरूच्या बुंध्याला केबल कुलुपाने बांधा. उधाणाच्या दिवसांत पाणी नेहमीच्या खुणेच्या वर येतं, हे विसरू नका. दुसरीकडे उतरायचं असेल तर सोबत न्या: चाकं काढून फ्रेम क्रेटच्या मागे बांधा, चाकं पुढे हॅचवर (सामानाच्या कप्प्याच्या झाकणावर). सुटी चाकं तरंगतात, फ्रेम बुडते, म्हणून फ्रेमला आधी दोरी.

चिखलात बलून चाकंही रुततात, आणि खालचं कालव दिसत नाही. तिथे ट्रॉली काठावरच ठेवा, क्रेट वेगळा उचलून आणा आणि रिकामी कयाक तळावर घसरवा. त्यापेक्षा भरतीची वेळ पाहून, पाणी काठाला लागलेलं असताना उतरा, आणि परतायची वेळही तशीच धरा. भांगाच्या दिवसांत (उधाणाच्या उलट, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी कमी मागे हटतं, नदीकडच्या बाजूसाठी ते दिवस निवडा.