आडतीच्या अ‍ॅपसाठी ग्रेडल सोडून बेझलवर जावं का? सोयाबीन मोंढ्यात यायच्या आत ठरवायचंय

मांजराकाठ, लातूर

आम्ही चौघं मिळून आडत्यांसाठी एक अँड्रॉइड अ‍ॅप चालवतो. कोडपासून अ‍ॅप बांधायला (म्हणजे बिल्ड करायला) ग्रेडल हे साधन वापरतो, बेझल हे त्याच कामाचं दुसरं साधन. शेतकऱ्याचा माल काट्यावर आला की वजन, भाव, हमाली, तोलाई टाकायची आणि ब्लूटूथ प्रिंटरवर पट्टी काढून त्याच्या हातात द्यायची, एवढंच काम. हळूहळू ११ आडती जोडल्या गेल्या आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या लोगोचं अ‍ॅप पाहिजे झालं. कोड एक, फ्लेवर (आडतीगणिक वेगळं रूप) ११, डिबग (चाचणीचं) आणि रिलीज (गिऱ्हाईकाला द्यायचं) धरून व्हेरियंट २२. मॉड्यूल (कोडचे सुटे भाग) १९. लॅपटॉप ८ जीबीचे, एक सोडून सगळे विंडोज.

सकाळी पहिला बिल्ड मारला की १३-१४ मिनिटं जातात. खाली जाऊन मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन, चहा पिऊन वर येतो, तरी ते फिरतच असतं.

वेळेचं एकवेळ सोडा. गेल्या दसऱ्यानंतर आवक ऐन भरात असताना एक बारकी दुरुस्ती करून रिलीज काढायची होती. नेहमी ती माझ्या लॅपटॉपवर निघते. त्या दिवशी मी गावाकडं होतो, म्हणून सहकाऱ्यानं त्याच्या मशीनवर काढली. कमिट (कोडची जतन केलेली नोंद) तोच, एका अक्षराचा फरक नाही. आणि दुसऱ्या दिवशी पट्टीवर शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसते चौकोन! त्याच्या मशीननं प्रिंटरच्या लायब्ररीची (दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडची) नवी आवृत्ती उचलली होती, माझ्या मशीनवर जुनीच होती. आडत्या फोनवर काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की एकाच कमिटमधून कोणत्याही मशीनवर एकच अ‍ॅप निघालं पाहिजे. बेझल त्यासाठीच बनलंय. गूगलचं घरातलं ब्लेझ, तेच २०१५ मध्ये बेझल म्हणून सगळ्यांना खुलं केलं. आमच्यातला एकजण म्हणायलाय की ग्रेडलच्याच फाइली ग्रूवी भाषेतून कोटलिन भाषेत घेऊ. माझ्या मते ती नुसती रंगरंगोटी, आतलं इंजिन तेच राहणार.

सध्या पेरण्या चालू आहेत, मोंढा थंड आहे. करायचं तर आत्ताच. बोला.

नांदेड पॅसेंजर

नको. चार माणसं, १९ मॉड्यूल, विंडोज. इथंच उत्तर आलं. बेझलच्या ज्या सँडबॉक्सचा (प्रत्येक काम बंद खोलीत, सांगितलेल्या फाइलींवरच करायची सोय) एवढा गवगवा आहे तो लिनक्स आणि मॅकवर. विंडोजवर नेमकं तेच मिळणार नाही, ज्याच्यासाठी तुम्ही घर बदलायलात.

वाळूज तिसरी पाळी, छत्रपती संभाजीनगर

पॅसेंजर भाऊ, दोन ओळींत निकाल लावून मोकळे झालात. जरा थांबा.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम इथं घरी बसून करतो. ३०० च्या वर मॉड्यूल, सगळं बेझलवर. तिथं काय वेगळं आहे ते आडतीच्या भाषेत सांगतो. ग्रेडलमधलं कुठलंही टास्क (बिल्डमधलं एक काम) कुठलीही फाइल वाचू शकतं, मशीनवर काय पडलंय ते बघू शकतं. गोदामाला चारी बाजूंनी दारं आहेत असं समजा. बेझलमध्ये प्रत्येक टार्गेटनं (बांधायच्या भागानं) आधी लिहून द्यायचं: मी या या फाइली घेणार आणि हे हे देणार. वहीत नोंद नाही ते पोतं आत येत नाही. न सांगितलेली फाइल वाचायला गेलं तर सँडबॉक्समध्ये ती दिसतच नाही आणि बिल्ड तिथल्या तिथं पडतो. आज तुमच्यासमोर पडलेला बरा की दसऱ्यानंतर आडत्यासमोर?

याच शिस्तीमुळं वेगही मिळतो. आत येणारं सगळं तेच असेल तर ते काम पुन्हा करायचंच नाही, कॅशेतून (आधीच्या निकालांच्या साठ्यातून) उचलायचं. ब्रांच (कोडची वेगळी शाखा) बदलून परत आलो तर मला चहाचा घोटही पुरा घेता येत नाही. आणि तुमचे ११ फ्लेवर म्हणजे बेझलच्या स्टारलार्क भाषेत एक मॅक्रो, एकदा लिहून पुन्हा पुन्हा वापरायचा साचा. ती भाषा दिसायला पायथॉनसारखीच आहे, कॉलेजच्या पोरालाही वाचता येते. ग्रेडलवरून जायचं तर हातानं सगळं लिहायचीही गरज नाही. ग्रॅब कंपनीनं ग्रेझल म्हणून एक साधन खुलं केलंय, ते ग्रेडलच्या फाइली वाचून बेझलच्या फाइली काढून देतं.

विंडोजचं म्हणाल तर रिलीज काढायला एक लिनक्स मशीन ठेवा. जुना डेस्कटॉपही चालेल.

हुरडा

डेस्कटॉपवर कॅशे ठेवला आणि लाइट गेली की बिल्डही गेला. आमच्याकडं आधी इन्व्हर्टरचं मायग्रेशन करावं लागेल 😄

दुधना, परभणी

मांजराकाठ दादा, भांडणात पडायच्या आधी दोन प्रश्न. १४ मिनिटं सकाळच्या पहिल्या बिल्डलाच लागतात की दिवसभर? आणि ग्रेडलच्या फाइलींत आवृत्तीच्या जागी अधिकचं चिन्ह किती ठिकाणी आहे?

मांजराकाठ

ताई, दुपारी ४-५ मिनिटांत होतो. चिन्ह आत्ता शोधून मोजलं, ७ ठिकाणी. प्रिंटरची लायब्ररी त्यातलीच.

दुधना

मग चौकोन कुठून आले ते सापडलं.

आवृत्तीच्या जागी अधिकचं चिन्ह म्हणजे ‘जी ताजी असेल ती आण’. ग्रेडल असं एकदा विचारून आलं की ते उत्तर २४ तास जपून ठेवतं, मग पुन्हा नेटवर विचारायला जातं. तुमच्या मशीनचे २४ तास संपले नव्हते, सहकाऱ्याचे संपले होते. मधल्या वेळात लायब्ररीवाल्यानं नवी आवृत्ती टाकली. कमिट एक आणि अ‍ॅप दोन, ते असं.

सकाळचा उशीरही बराचसा यातूनच. रात्री लॅपटॉप बंद केला की ग्रेडलचा डेमन (मागं चालू राहणारा प्रोग्रॅम) मेलेला असतो, सकाळी गार इंजिन. त्यात सातही ठिकाणी ‘नवीन आलंय का’ ही चौकशी, तीही रिपॉझिटरीच्या (लायब्ररी ठेवलेल्या नेटवरच्या गोदामांच्या) यादीतल्या एकेकीकडं, आणि तुम्ही बहुतेक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. जेसेंटर हे जुनं गोदाम अजून यादीत आहे का बघा. ते बंद होणार हे २०२१ मध्येच जाहीर झालं होतं, ऑगस्ट २०२४ पासून तिथली मागणी मॅव्हन सेंट्रल या दुसऱ्या गोदामाकडं वळवतात. म्हणजे एकाच दुकानात दोन दारांनी जाऊन तोच माल विचारायचा.

आता करायचं काय? सातही चिन्हं काढून पक्के आकडे लिहा. ग्रेडलमध्ये डिपेन्डन्सी लॉकिंग (लायब्ररींच्या आवृत्त्या फाइलीत पक्क्या नोंदणं) आहे, ते चालू करून ती लॉक फाइल कोडसोबत गिटमध्ये टाका. रूम या डेटाबेसच्या लायब्ररीसाठी कॅप्ट हे कोड तयार करणारं जुनं साधन वापरत असाल तर केएसपी या नव्यावर या, यात वेळ चांगलाच वाचतो. जेटिफायर (जुन्या सपोर्ट लायब्ररीवरचा माल नव्याशी जुळवणारा) चालू असेल आणि जुनी सपोर्ट लायब्ररी ओढणारं आता कुणी उरलं नसेल तर बंद करा. मग प्रोफाइलचा स्विच लावून बिल्ड मारा. ग्रेडल कुठल्या टास्कला किती वेळ गेला याचं पान काढून देतं. ते न बघता घर बदलायला निघालाय तुम्ही.

आणि बेझलवर गेलात तरी पहिलं काम हेच आहे. तिथंही आकडे पक्के करून चेकसमसकट (फाइल तीच आहे का ताडायचा आकडा) लॉक फाइल करतात.

मला जास्त काळजी मॉड्यूलच्या रचनेची वाटते. १९ आहेत म्हणता, पण माझी पैज, ‘कॉमन’ नावाचं एक मॉड्यूल असणार आणि बाकी सगळी त्याच्यावर टेकलेली. म्हणजे तुमच्या लातूरची गंजगोलाई. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं एक हातगाडी आडवी लागली की सगळीकडं हॉर्न. ‘कॉमन’मधल्या एका फंक्शनचं बाहेरून दिसणारं रूप बदललं की त्याच्यावर टेकलेली मॉड्यूलं पुन्हा कंपाइल. बेझलनं हे बदलत नाही. बेझलला छोटी, सुटी टार्गेटं मिळाली तरच त्याचा कॅशे कामाला येतो. एकच मोठा गठ्ठा दिला तर तोही गठ्ठाच बांधत बसणार.

मी २०१५ मध्ये एक्लिप्सवरून अँड्रॉइड स्टुडिओवर एक प्रोजेक्ट नेला आहे. तेव्हा गूगलनंच एक्लिप्सच्या साधनांचा आधार त्या वर्षाअखेर काढून घेतो म्हणून सांगितलं होतं, जाणं भाग होतं. आज ग्रेडलमधून तुम्हाला कुणी हुसकायलेलं नाही. उलट अँड्रॉइड स्टुडिओ ग्रेडल धरूनच बनतं. ग्रेडलची प्लगइन (जोडसाधनं) बेझलमध्ये चालत नाहीत. फायरबेस, क्रॅश रिपोर्ट, जे जे प्लगइननं आपसूक होतं त्या प्रत्येकाला पर्याय शोधायचा. प्ले स्टोअरची टार्गेट एपीआयची (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीसाठी बनवलंय त्या आकड्याची) मुदत आहेच, २०२४ ला ३४, २०२५ ला ३५, दोन्ही वेळा ३१ ऑगस्ट. तुमच्या हंगामाच्या अगदी तोंडावर.

वाळूज तिसरी पाळी

ताई, निदान एकदम बरोबर. औषधावर मात्र माझं दुमत आहे.

चिन्हं काढली, लॉक लावलं, छान. सहा महिन्यांनी नवीन पोरगं येईल, इंटरनेटवरून एक ओळ चिकटवेल, तिच्यात पुन्हा चिन्ह असेल. ग्रेडल काही बोलणार नाही, लॉक चुकून ताजं केलं तर बिल्डही हिरवा येईल. ग्रेडलमध्ये शिस्त माणसानं पाळायची, बेझलमध्ये ती पाळल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. एवढाच फरक आहे, पण माझ्यासाठी तोच सगळा फरक.

आणि ग्रेडलवर राहिलं म्हणजे स्थलांतर टळलं असं कुठं आहे? अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगइन ७ वर गेलं तेव्हा जेडीके (जावाचा साधनसंच) ११ लागला, ८ ला १७. प्रत्येक वेळी ग्रेडल, प्लगइन, कोटलिन, जेडीके या चौघांची कुंडली जुळवत बसायचं. हेही स्थलांतरच, फक्त हप्त्याहप्त्यानं.

नांदेड पॅसेंजर

हप्ते परवडतात म्हणून तर माणूस हप्त्यावर घेतो.

सोयाबीन ते सॉफ्टवेअर, उदगीर

मला टेक्निकल जास्त कळत नाही, पण मी सहा-सात पोरं कामाला ठेवतो म्हणून बोलतो. आमच्याकडं पोरगं येतं, दीड वर्षात तयार होतं आणि पुण्याला जातं. जावं, माझी तक्रार नाही. पण त्याच्या जागी दुसरं आलं तर त्यानं ग्रेडल निदान कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पाहिलेलं असतं. अडलं तर यूट्यूबवर हिंदीत, मराठीत कुणीतरी सांगणारं सापडतं. बेझलमध्ये अँड्रॉइडचं अडलं तर लातुरात कुणाचं दार वाजवणार? मांजराकाठ, तुम्हा चौघांतला बेझल येणारा एकच असणार, आणि तो तुम्ही. तुम्ही गावाकडं गेलात तर काय होतं ते गेल्या दसऱ्याला बघितलंय.

वाळूज तिसरी पाळी

काका, हे मात्र मला पटत नाही. शिकलं की जाईल म्हणून शिकवायचंच नाही का? दांडेकर समितीनं १९८४ ला रस्ते, सिंचन, विजेचा अनुशेष मोजला. हा दुसरा अनुशेष आपणच तयार करायलोत. पुण्यात एक साधन रुळल्यावर दहा वर्षांनी ते आपल्याकडं यायचं, तोवर तिथं दुसरं आलेलं. मला बेझल कुणी शिकवलं नाही. मी तिसऱ्या पाळीत कारखान्यात असताना रात्री मोबाइलवर डॉक्युमेंटेशन वाचायचो.

सोयाबीन ते सॉफ्टवेअर

बाळा, तुझं कौतुकच आहे. पण शिकायची जागा आणि आडत्याची पट्टी छापायची जागा वेगळी असावी, एवढंच म्हणायलोय.

हुरडा

काकांनी ‘बाळा’ म्हटलं म्हणजे विषय तापला.

मांजराकाठ

तीन आठवड्यांनी परत येतोय. दोन्ही करून बघितलं.

ग्रेडल: सातही चिन्हं गेली, लॉक फाइल आली. जेसेंटर होतंच, तेही यादीत पहिल्या नंबरला. काढलं. रूम केएसपीवर आणलं, जेटिफायर बंद केलं. दोन लॅपटॉपला १६ जीबी रॅम टाकली, तिचा वाटा किती आणि बाकीचा किती हे वेगळं काढता येणार नाही. सकाळचा बिल्ड साडेपाच मिनिटं, दुपारी अडीच. प्रोफाइलच्या पानावर ताई म्हणाल्या तसंच निघालं. आमच्या गंजगोलाईचं नाव ‘बेस’ आहे, ‘कॉमन’ नाही, एवढाच फरक.

बेझल: एकमेव लिनक्स लॅपटॉपवर. पट्टीचा हिशोब करणारं मॉड्यूल शुद्ध कोटलिनचं आहे, ते एका संध्याकाळीत गेलं. खरं सांगू, फाइल बघून मन प्रसन्न झालं. काय आत येतंय, काय बाहेर जातंय, सगळं समोर. मग प्रिंटरचं मॉड्यूल घेतलं आणि सहा दिवस गेले. दोन फाइली मॅनिफेस्टमधून (अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलीतून) नकळत ओढल्या जात होत्या, हे आम्हाला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. हा गुण वाळूज दादांच्या बाजूला लिहा. फ्लेवरच्या रिसोर्सपाशी (लोगो, रंग, मजकुराच्या फाइलींपाशी) येऊन अडकलो ते अजून तिथंच आहे.

हा हंगाम ग्रेडलवर काढायचं ठरलं. रिलीज यापुढं एकाच लिनक्स मशीनवरून. बेझलची ब्रांच ठेवलीय, डिलीट करवत नाही.

नांदेड पॅसेंजर

पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

वाळूज तिसरी पाळी

सहा दिवसांत दोन चोर पकडले, ते पॅसेंजरनं पकडले नसते. फ्लेवरचं कुठं अडकलंय ते पाठवा, रविवारी बघतो.

दुधना

त्याआधी मला एक सांगा दादा. ११ फ्लेवरमध्ये नाव, लोगो, रंग आणि पत्ता सोडून कोडमध्ये वेगळं काय आहे?

मांजराकाठ

आत्ता सगळे उघडून बघितले. दहांमध्ये काहीच नाही. अकराव्या आडत्याची हमाली वरच्या रुपयाला गोल करायची असते, बाकीच्यांची खालच्या.