‘प्रोसेस’ला मराठीत काय म्हणावं? आणि ख्रिस्तसभा ‘असते’ की ‘भरते’?

वसईहून :
आमच्या धर्मग्रामातल्या अभ्यासगटासाठी इंग्रज तत्त्वज्ञ व्हाइटहेडवर चार पानांचं टिपण करतोय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. ‘प्रोसेस फिलॉसॉफी’ला कोशातला ‘प्रक्रिया’ लावला की डोळ्यांपुढे मासळीचा कारखाना येतो. त्याचं म्हणणं (‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’, १९२९) असं की जग वस्तूंचं नाही, घटनांचं बनलंय. मग ‘भवन’ चालेल? भू धातूवरून भवन म्हणजे होणं.

मालवणहून :
व्युत्पत्ती बरोबर. पण ‘चर्च हे एक भवन आहे’ असं लिहून बघा! जे मोडायला निघालात तेच पक्कं होईल. सरळ ‘होण्याचं तत्त्वज्ञान’ म्हणा.

माझ्या मते खरी गोम क्रियापदात आहे. चर्च आपण बांधतो, रंगवतो, त्याची कौलं परततो. पण इमारतीपलीकडच्या चर्चला आपला शब्द ‘ख्रिस्तसभा’, आणि मराठीत सभा भरते. शाळा भरते, आठवडी बाजार भरतो. दुसऱ्या दिवशी तिथे नुसती जागा. गोव्याकडची ‘इगर्ज’, म्हणजे चर्च, बघा : पोर्तुगीज इग्रेजा, त्यामागे ग्रीक एक्लेसिया, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. शब्द माणसांचा होता, भिंतींनी बळकावला.

वसईहून :
पण जे भरतं ते सुटतंही. मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की ख्रिस्तसभा सुटली? फादर मला पुढच्या बैठकीला बोलावायचे नाहीत.

मालवणहून :
व्हाइटहेडला सुटणं चालतं, हवंच आहे. घटना पुरी होते, विरते, आणि पुढची घटना तिला पोटात घेऊन उभी राहते. क्रुसाकडच्या लदिनीला, म्हणजे गाऊन म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला, सूर धरणारी म्हातारी यंदा नसते, पण तिचा हेल बाकीच्या बायकांच्या गळ्यात असतो. ‘कॉन्क्रेसन्स’ला, म्हणजे अनेक धागे मिळून एक घटना होण्याला, मी तर ‘मुरणं’ म्हणेन, लोणच्यासारखं.

वसईहून :
लोणच्याला दिवस लागतात, व्हाइटहेडची घटना क्षणाची. ‘एकवटणं’ बरं.

मालवणहून :
मान्य. मात्र देवाबद्दल जपून लिहा. कॅथलिक चर्चच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये देव अपरिवर्तनीय असल्याचं ठाम सांगितलं. व्हाइटहेडच्या देवाची एक बाजू जगाचं सुखदुःख घेत घडत जाते. ही फट गोड शब्दाने लिंपू नका, उघडी राहू दे. ख्रिस्तसभेबाबत एवढी अडचण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या दस्तऐवजात तिला यात्रेकरू म्हटलंच आहे. जी वाटेत आहे ती पुरी झालेली नाही, एवढं त्यातून निघतं.

वसईहून :
शीर्षक ठरलं : ‘ख्रिस्तसभा भरते आहे’. ‘प्रक्रिया’ एकदाच, कंसात. आता ‘प्रिहेन्शन’, म्हणजे एका घटनेने आधीच्या घटना स्वतःत घेणं, हा शब्द राहिला. ‘ग्रहण’ म्हटलं तर लोक सूर्य-चंद्र शोधतील.

मालवणहून :
वर आलाय की : ‘पोटात घेणं’. फक्त चुकून ‘पोटात घालणं’ लिहू नका, ते अपराधांसाठी राखलेलं आहे.