लिटलफील्ड कारंजं: भिंतीवरचा कोरीव लेख काढला, पण बांधलं कशासाठी ते कोण सांगणार?

वाटसरू: ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या पदवीदानाच्या फोटोंखाली कुणीतरी लिहिलंय, "लिटलफील्ड कारंजं हे पहिल्या महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांचं स्मारक आहे. त्यात गुलामगिरी शोधून आमच्या आनंदावर विरजण घालू नका." आनंद खुशाल करा. त्या कारंज्यातल्या घोड्यांच्या पुतळ्यांपुढे झगा-टोपी घालून काढलेला फोटो आमच्याही घरात आहे. पण अर्धंच सांगू नका.

पैसा मेजर जॉर्ज लिटलफील्डचा. अमेरिकेच्या यादवीत हा टेक्सासच्या घोडदळातून गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनं लढला, पुढे गुरांच्या धंद्यात आणि बँकेत गब्बर झाला, विद्यापीठाचा रीजंट, म्हणजे नियामक मंडळाचा सदस्य, झाला. त्याला हवी होती दक्षिणेच्या पुढाऱ्यांचे पुतळे मिरवणारी कमान. शिल्पकार पोम्पेओ कोपिनीनंच त्याला बजावलं, की पुढच्या पिढ्यांना हे खुपेल, वैर जिवंत ठेवल्याचा ठपका येईल. मग महायुद्धाची कल्पना पुढे आली: एकमेकांशी लढलेले उत्तर-दक्षिण 1917 मध्ये एका झेंड्याखाली आले. लिटलफील्ड 1920 मध्ये वारला, कारंजं 1933 मध्ये पुरं झालं. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि सेनापती रॉबर्ट ली यांचे पुतळे तरीही आलेच. पॉल क्रे या वास्तुविशारदानं पुतळे साउथ मॉल या कॅम्पसवरच्या हिरवळीभर पांगवले, त्यामुळे कोपिनीच्या मनातला समेटाचा देखावाही मोडला. बाजूच्या भिंतीवर राज्यांच्या हक्कांसाठी शौर्यानं लढलेल्या दक्षिणेच्या स्त्री-पुरुषांचा गौरव करणारा लेख होता. ते हक्क माणसं मालकीची ठेवण्याचे होते, हे त्यात नव्हतं.

विद्यापीठानं 2015 मध्ये डेव्हिस हलवला, 2016 मध्ये लेख काढला, 2017 मध्ये शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मोर्चात हिंसाचार झाल्यानंतर ली आणि उरलेले रातोरात नेले. पुतळे गेले ते योग्यच झालं. लेख मात्र ठेवायला हवा होता आणि शेजारी खरं काय ते ठळक लिहायला हवं होतं. आता येणाऱ्याला नुसते घोडे दिसतात आणि "हुतात्म्यांचं स्मारक" एवढंच सांगता येतं.

जुना लाँगहॉर्न: ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. माझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला गेले ते परतलेच नाहीत. कुठे गेले, कसे गेले, घरात कुणाला ठाऊक नाही. ज्या पोरांसाठी निदान एक कारंजं उभं राहिलं, त्यांच्यासमोर देणगीदाराची कुंडली का मांडायची? शिवाय दक्षिणेच्या इतिहासाची कागदपत्रं जमवायला याच माणसानं पैसा दिला. तुम्ही आज ज्या पुराव्यांवर बोलता, त्यातले कितीतरी त्यामुळेच जपले गेले.

तळमजला: पणजोबांना नमस्कार. पण वाटसरू, माझा राग तुमच्यावर जास्त आहे. माझी रूममेट ह्यूस्टनची, काळी. त्या भिंतीवरून रोज तिची वाट. तिनं मला एकदा विचारलं होतं, "मला ठाऊक असलेलंच तुला शिकवायला हा दगड मी रोज का वाचायचा?" 1933 मध्ये तिच्या आजोबांना इथे प्रवेशच मिळाला नसता. हेमन स्वेट या काळ्या विद्यार्थ्याला इथल्या लॉ स्कूलचं दार उघडायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल 1950 चा. पदवीच्या वर्गात काळी मुलं आली 1956 मध्ये. लेख गेला ते उत्तम झालं. इतिहास वाचायचाय त्यानं ग्रंथालयात जावं.

लातूरकर: तुम्ही दगडावरून भांडा. मी तिथे उभा राहिलो की मला फक्त पाणी दिसतं. एप्रिल 2016 मध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. टाक्यांपाशी 144 कलम लावलं होतं. आईनं फोनवर सांगितलं, की आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरतोय. आणि इथे घोड्यांच्या नाकापुढे चोवीस तास कारंजी! मेलेल्यांच्या नावानं पाणी उडवणं मला कधीच पटणार नाही.

मिरजेचा: अहो, तेच पाणी पंपानं फिरतं. उन्हानं उडेल तेवढंच वर घालायचं. त्याच्या कितीतरी पट हिरवळीला लागतं. आणि लातूरचं पाणी कारंज्यांनी नाही, उसानं संपवलं. गाडी आमच्या मिरजेतून सुटली म्हणून सांगतो.

लातूरकर: आलात ना उसावर! कारखाने काय आम्ही काढले? दुसऱ्या पिकाला हमखास भाव द्या, उद्या ऊस मोडतो. वडिलांनी दोन वर्षं सोयाबीन लावून पाहिलं, पैसा कुणी दिला? कृष्णाकाठी बसून मांजराकाठच्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं आहे.

मिरजेचा: कृष्णाकाठीही ऊसच आहे, आणि जमिनी मीठ फुटून नापीक झाल्यात. माझ्या मामांचं तीन एकर पांढरं पडलंय. मी शेतकऱ्याला दोष दिला नाही, पिकाला दिला.

लातूरकर: "उसानं संपवलं" म्हणजे लावणाऱ्यानं संपवलं, दुसरं काय? ठिबकला अनुदान मागायला गेलो तर सहा महिने फाइल हलत नाही. बरं, पंपाचं मान्य. पण 2011 च्या दुष्काळात टेक्सास करपत होतं, तेव्हा कारंजं बंद ठेवून दाखवलं असतं तर मेलेल्यांचा काय अपमान झाला असता?

जुना लाँगहॉर्न: उसाचं भांडण दुसरीकडे करा! तळमजला, ग्रंथालयात जा म्हणता, मग हाच न्याय कारंज्याला लावाल का? उद्या "लिटलफील्ड" नावही नको म्हणाल.

तळमजला: हो, म्हणते. नाव बदला, कारंजं ठेवा. महायुद्धात मेलेल्या मुलांचा त्या माणसाच्या नावाशी संबंध काय? पैशाचा! तुमच्या पणजोबांच्या स्मारकाला एखाद्या सावकाराचं नाव दिलेलं चाललं असतं?

जुना लाँगहॉर्न: नसतं चाललं. एवढं देतो तुम्हाला. पण नावं बदलत बसलो तर अर्ध्या कॅम्पसवर पाट्या उरणार नाहीत, आणि फी कमी होणार नाही ती नाहीच.

वाटसरू: तळमजला, तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून लेख त्याच भिंतीवर हवा हा हट्ट सोडतो. पण ग्रंथालयात ढकलायला माझा विरोध कायम. फोटो काढणारा ग्रंथालयात जात नाही, कारंज्यापाशी येतो. माहिती तिथेच हवी: कमानीचा बेत, कोपिनीचा इशारा, काढलेल्या लेखाचा मजकूर आणि त्या वर्षी कुणाला प्रवेश नव्हता ते.

तळमजला: काढलेला मजकूर बारीक अक्षरात, आणि स्वेटचं नाव सगळ्यांत वर. तसं असेल तर अशा मागणीवर सही करते. लाँगहॉर्न, तुम्ही?

जुना लाँगहॉर्न: मेलेल्या पोरांची नावं स्वेटच्याही वर असतील तर. नाहीतर नाही.