जेवणाच्या खुर्चीची बैठक घरी नव्याने कशी करावी?

प्रश्न
आमच्या जेवणाच्या सागवानी खुर्च्यांचे लाकूड अजून भक्कम आहे, मात्र बैठकीवरच्या रेक्झिनचे पापुद्रे निघू लागले आहेत आणि आतला फोम इतका दबला आहे की बसल्यावर खालचे प्लायवूड टोचते. बैठक चौकटीच्या खाचेत बसवलेली असून खालचे स्क्रू काढल्यावर सुटी होते. घर कोकणात असल्याने हवा दमट असते. फोम कोणता घ्यावा, कापड केवढे कापावे आणि पुन्हा रेक्झिनच वापरावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
बैठक सुटी होते, म्हणजे हे काम घरी नक्की जमेल. प्रथम प्रत्येक बैठकीवर आणि तिच्या खुर्चीवर खालून एकच खूण करावी, कारण हाताने केलेल्या खुर्च्यांच्या बैठका दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची अदलाबदल होईलच असे नाही. जुन्या पिना चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उचलून पकडीने ओढाव्यात. त्या उडतात, म्हणून चष्मा लावणे आवश्यक आहे. प्लायवूडला वाळवी लागली असेल किंवा त्याचे थर सुटले असतील तर तेही बदलावे, कारण अशा लाकडात पिना धरत नाहीत.

फोम दोन इंच जाडीचा आणि ४० डेन्सिटीचा मागावा, म्हणजे एका घनमीटरला ४० किलो वजनाचा. हलका फोम दुकानात हाताला छान लागतो, पण रोजच्या बसण्याने लवकर दबतो.

कापडासाठी प्रत्येक बाजूला फोमची जाडी, प्लायवूडची जाडी आणि पकडीसाठी दोन इंच धरावेत. १८ इंची बैठकीला साधारण २७ इंच कापड लागते. प्रत्येक बाजूच्या मधोमध एकच पिन मारावी, तीही समोरासमोरच्या बाजू घेत, आणि मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकावे. कोपरे अगदी शेवटी: टोक तिरके आत ओढून पक्के करावे, दोन्हीकडच्या चुण्या सारख्या बसवाव्यात आणि जादा कापड कापून टाकावे. सुरकुती जाईल एवढाच ताण द्यावा. त्याहून जास्त ओढल्यास फोमच्या कडा दबतात आणि कापडावरच्या रेघा वाकड्या होतात.

प्रतिसाद २
रेक्झिनबद्दल थोडे लिहितो. पापुद्रे निघतात ते बहुधा पॉलियुरेथेनचा थर असलेल्या प्रकाराचे, कारण दमट हवेत तो थर हळूहळू विघटित होतो. पीव्हीसीचे रेक्झिन त्या मानाने टिकते, परंतु उन्हाळ्यात अंगाला चिकटते. माझे मत जाड, घट्ट विणीच्या सुती कापडाला आहे. बैठकीच्या खालच्या बाजूला हवा खेळती राहील असे पातळ कापडच लावावे, प्लास्टिक नको.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. सुती कापड जाड असल्यास बैठक खाचेत परत बसेल ना?

प्रतिसाद १
कापड कापण्यापूर्वीच तपासावे. त्याची एक पट्टी उघड्या प्लायवूडच्या कडेवर गुंडाळून बैठक खाचेत ठेवून पाहावी. घट्ट होत असेल तर प्लायवूडची कड कानशीने थोडी घासावी; चौकटीला मात्र हात लावू नये, कारण बैठक जबरदस्तीने दाबून बसवल्यास सागवानाचे जुने सांधे उकलतात.