मदत हवी आहे: मंडळाच्या खो-खो प्रशिक्षकाबद्दल एका मुलीने सांगितलं, आता मी काय करू?

आमचं खो-खो मंडळ जुनं आहे. शाळेच्या पटांगणावर रोज संध्याकाळी सराव असतो, चाळीसेक मुलं-मुली येतात, फी नावापुरती. माझी मुलगी इथेच खेळून मोठी झाली. दोन वर्षांपासून मी मंडळाची सचिव आहे. नावनोंदणी, जर्सी, स्पर्धेचे अर्ज, प्रवासाची गाडी असं सगळं मी बघते.

गेल्या रविवारी सराव संपला तरी एक मुलगी खांबापाशीच रेंगाळत होती. वय १४. सगळे गेल्यावर तिने मोबाइल माझ्या हातात दिला. सरांचे मेसेज होते, रात्री साडेअकराचे. आधी "झोपलीस का", मग "फोटो पाठव, जर्सीतला नको", मग "आईला दाखवू नकोस, संघ मीच निवडतो". ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, मला संघातून काढतील का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी अध्यक्षांकडे गेले. ते म्हणाले, "पंधरा वर्षं एक पैसा न घेता शिकवतोय तो, घरचाच माणूस आहे. बोलावून समज देऊ. बाहेर गेलं तर पोरीचंच नाव खराब होईल." समितीत आम्ही नऊ जण, त्यात बाई मी एकटी. दोघातिघांशी बोलले, सगळ्यांचं तेच. तिच्या आईशी अजून बोललेले नाही, कसं बोलावं तेच कळत नाहीये.

आणखी एक गोष्ट आहे, ती याहून लहान नाही. मंडळात एक २६ वर्षांचा मुलगा येतो, त्याला बौद्धिक अपंगत्व आहे. मैदानावर फक्की मारणं, पाणी भरणं ही कामं तो मन लावून करतो. मोठी मुलं त्याच्याकडून पैसे काढून घेतात, त्याला नाचायला लावून व्हिडिओ करतात. मी ओरडले की म्हणतात, "तोही हसतोच की." हल्ली तो दोन-दोन दिवस येत नाही.

पुढच्या शुक्रवारी स्पर्धेसाठी दोन रात्री बाहेर मुक्काम आहे. सोबत सरच जाणार आहेत. मला पोलिसांत जावंच लागेल का? आधी खात्री करून घेऊ का? आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून मंडळात काय नियम असावेत? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी वकील आहे, पॉक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची प्रकरणं चालवते. आधी एक करा: धाग्यात तुम्ही गावाचं नाव आणि मुलीची शाळा लिहिली आहे, ती आत्ताच काढा. कलम २३ प्रमाणे तिची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही.

खात्री करून घेणं तुमचं काम नाही, ते पोलिसांचं आहे. लैंगिक हेतूने मोबाइलवरून मुलाच्या मागे लागणं कलम ११ खाली येतं. असा गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. अध्यक्षांना हे वाचून दाखवा. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला त्याबद्दल जबाबदार धरता येत नाही, तेही कलम १९ मध्येच आहे.

तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. सरांना तिच्यासमोर बसवू नका. त्यांना "समज" दिली तर पहिल्यांदा मेसेज पुसले जातील. स्क्रीनशॉट कुणालाही पाठवू नका, तिचा फोन जसा आहे तसा राहू दे. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह आज लिहून ठेवा. आणि आजच आईला भेटा. पोलीस ठाण्यात जायची हिंमत होत नसेल तर १०९८ वर फोन करा.

प्रतिसाद २

एवढ्यावरून थेट पोलीस? माणसाची पंधरा वर्षांची मेहनत मातीत जाईल. मंडळ बंद पडलं तर चाळीस मुलांचं काय?

धागाकर्ती

हाच विचार मीही दोन दिवस केला. पण ती मुलगी चाळिसांतलीच एक आहे. आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांपैकी आणखी कुणाला असे मेसेज आले, हे मी कुणाला विचारलेलंच नाही. गाव आणि शाळा काढली आहे, वकीलताई, आभार.

प्रतिसाद ३

मी २२ वर्षं क्रीडाशिक्षिका आहे. प्रशिक्षकाने मुलांशी वैयक्तिक मेसेजवर बोलायचंच नाही, सूचना फक्त पालक असलेल्या ग्रुपवर, हा आमचा पहिला नियम. एकट्या मुलाला गाडीवरून सोडायचं नाही. डाइव्ह किंवा पोल शिकवताना हात लावावा लागला तर आधी सांगून, सगळ्यांसमोर. पाय मुरगळला म्हणून बंद खोलीत मालिश नाही. मुक्कामाला मुलींबरोबर दोन बायका हव्यातच. वर्गखोल्यांत झोपायची सोय असते तेव्हा कडी आतून लागते का, हे मी स्वतः बघून येते. संघनिवड तिघांनी करावी. एकाच्या हातात निवड असली की त्याच्याविरुद्ध मूल तोंड उघडत नाही. त्या मुलीने तेच विचारलं ना?

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत क्रीडा अकादमींचं नाव घेऊन लिहिलं आहे: मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची. विनामानधन शिकवणाऱ्यांचीही करून घ्या. शिवाय वयाच्या दाखल्यासाठी मुलांची आधार कार्डं ग्रुपवर मागवत असाल तर ते थांबवा, नंबर आणि पत्ते सगळ्यांकडे जातात.

प्रतिसाद ४

त्या २६ वर्षांच्या मुलाबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझा मुलगा तसाच आहे. तो हसतो, कारण चिडलं की लोक निघून जातात हे त्याला माहीत आहे. तुमच्याकडचा येईनासा झाला, हेच त्याचं सांगणं समजा. त्याच्या आईला विचाराल, ते योग्यच, पण आधी त्याला विचारा. एकटा असताना, लहान वाक्यांत, उत्तराला वेळ देऊन. तो सज्ञान आहे, काय करायचं यात त्याचा शब्द हवा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ७ प्रमाणे छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तुमच्याकडे तहसीलदारांना, देऊ शकतं. पण व्हिडिओ आजच काढून टाकायला लावा. त्याला मंडळाची जर्सी दिली आहे का?

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. परवा मुलीच्या घरी गेले. आई बराच वेळ गप्प होती, मग आत जाऊन चप्पल घालून आली. आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. काल एक महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत त्यांच्या घरी आल्या आणि आईच्या शेजारी बसवून मुलीचा जबाब घेतला. असं करता येतं हे मला माहीत नव्हतं. अध्यक्षांना मी लेखी कळवलं, पोच घेतली. सरांना मैदानावर यायला मनाई केली आहे. दोन समिती सदस्य माझ्याशी बोलत नाहीत.

जर्सी दिलेली नव्हती. आज मापं घेतली, त्याला ७ नंबर हवा आहे. व्हिडिओ ज्यांनी काढले त्यांच्या पालकांना उद्या बोलावलं आहे.

स्पर्धेला संघ जाणार आहे, ती मुलगीही. सोबत मी आहे, दुसरी बाई अजून मिळालेली नाही. क्रीडाशिक्षिका ताई, मुक्कामाच्या जागी पोचल्यावर पहिल्या तासात काय काय तपासायचं, ते जरा सविस्तर लिहाल का? शुक्रवारी सकाळी सहाला निघायचं आहे.