पारावर, की सभागृहात?

आमच्या सोसायटीत पंपघरावर एक खोली बांधून झाली आहे. तीसेक खुर्च्या मावतात. वाचन, भजन, मुलांचं बुद्धिबळ, क्वचित बारसं. आता पाटी हवी. पाटीवाला अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापतो आणि पैसे अक्षरामागे घेतो, त्यामुळे सेक्रेटरींचं ‘ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र तथा बहुउद्देशीय सभागृह’ पहिल्याच फेरीत बाद. उरले पार, चावडी, कट्टा, ओसरी, सदर. काय ठेवावं?

—

कट्टा नको. शिवाजी पार्कचा कट्टा ऐकायला छान, पण आमच्या मराठवाड्यात कट्टा म्हणजे पोतं. सिमेंटचा कट्टा, तांदळाचा कट्टा. पेपरात तर तो ‘गावठी’ला चिकटूनच येतो. ओसरी गोड शब्द, पण ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ हे कुणीतरी पहिल्याच आठवड्यात ऐकवणार. आणि ‘सदर सभा सदरेवर होईल’ अशी नोटीस लावून बघा एकदा!

—

नाव ठरवण्याआधी ते फोनवर वापरून बघा. ‘कुठे आहेस?’ पारावर, कट्ट्यावर, चावडीवर, सदरेवर, ओसरीवर. गंमत बघा, तुमच्या पाचही नावांना ‘वर’ लागतो. या जागा जोत्यावरच्या, निदान एका बाजूने उघड्या. पार म्हणजे तर वडा-पिंपळाभोवतीचा बांधीव ओटाच. पुण्यातला नागनाथ पार त्यातलाच. चार भिंती आल्या की ‘त’ येतो: देवळात, तालमीत, सभागृहात. तुमची खोली दार लावून पंखा सोडायची. तिला पार म्हटलंत तर लोक ‘पारात’ म्हणू लागतील. मला तरी ते सहन व्हायचं नाही.

‘मंदिर’ला ‘त’ लागतो, आणि मुळात त्याचा अर्थही घर, निवास असाच आहे. म्हणून दादरला शिवाजी मंदिर, पुण्यात १९६८पासून बालगंधर्व रंगमंदिर. ठाण्याच्या गडकरी रंगायतनातलं ‘आयतन’ही त्याच अर्थाचं. पण सोसायटीत ‘मंदिर’ लिहिलंत की उंबऱ्यावर नारळ ठेवून जाणारे निघतील.

—

मग बैठक घ्या की. आमच्या जळगावकडे घराची पुढची खोली म्हणजे बैठक. ‘पाहुण्यांना बैठकीत बसव.’ भिंती आहेत, ‘त’ आहे, अक्षरं तीन.

—

रायगडात ‘बैठकीला जातो’ म्हणजे निरूपणाला. आणि काही आजोबांना बैठकीची लावणी आठवेल, ते वेगळंच.

—

बैठक ठरलं! लावणीचा मुद्दा सभेत निघालाच. दोन आजोबांनी तो विरोधात नव्हे, बाजूने मांडला. काल पाटीवाल्याला फोन केला. त्याने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, ‘पुढे “व्यवस्था” पण टाकायचं ना? बाण कुठल्या बाजूला दाखवू?’